अर्धा नफा बायकोचा

आयटीआर-२ हा आयकर रिटर्नचा फॉर्म भरायला घेतलं की सुरुवातीलाच, नाव-पत्ता-पॅनच्या आसपास, एक प्रश्न असतो : तुम्हाला कलम ५ए खाली पोर्तुगीज नागरी संहिता लागू होते का? पुण्यात नोकरीला होतो तेव्हा नऊ वर्षं त्यावर ‘नाही’ची खूण होऊन माझं रिटर्न जात राहिलं. खूण तिथले सीए करायचे. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही की मी गोव्यातल्या फोंड्याकडचा, माझं लग्न सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही, दुसरी सही करून झालेलं आहे. तो प्रश्न देशातल्या मोजक्या लोकांसाठी छापलेला आहे आणि त्यांतला एक मी आहे, हे कळायला घराचं छप्पर गळावं लागलं.

तर आधी छप्पर. २०२१ साली कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली आणि आम्ही फोंड्याजवळ बांदोड्याला परत आलो. घर आजोबांच्या वेळचं, मंगळूरी कौलांचं. २०२४ च्या पावसात माजघरात तीन ठिकाणी टोप ठेवावे लागले आणि चौथी धार नेमकी माझ्या लॅपटॉपवर लागली. मेस्त वर चढला, वाशाला बोट लावलं, तर बोट सरळ आत गेलं. वाळवी. वासे, रिपा, कौलं आणि मजुरी मिळून पाच लाखांच्या आसपासचा आकडा सांगून तो खाली उतरला आणि चहा पिऊन गेला. आमचे सुटे पैसे म्हणावेत असे होते ते अमेरिकेत.

म्हणजे आरएसयू, रिस्ट्रिक्टेड स्टॉक युनिट. आमची मूळ कंपनी अमेरिकेची, तिथल्या शेअर बाजारात नोंदलेली. पगाराबरोबर ती दर काही महिन्यांनी थोडे शेअर देते. ज्या दिवशी ते आपल्या नावावर होतात (‘व्हेस्ट झाले’ म्हणतात) त्या दिवशीची त्यांची किंमत पगारात धरली जाते आणि पगारासारखाच कर कापला जातो. कराला रोख पैसे कुठून आणायचे, म्हणून ४१ शेअर मिळाले तर १३ तिथल्या तिथे विकून उरलेले २८ आपल्या खात्यात टाकतात. बरेच जण इथे हात झटकतात की झाला कर भरून. मीही त्यांतलाच. पण तो कर पगाराचा. पुढे शेअर विकले की नफ्याचा हिशोब निराळा, आणि तो करून देणारं कोणी नसतं. कंपनी त्यात पडत नाही, दलाल स्वतःच्या देशापुरतं पत्रक देतो, आणि अमेरिकेचं सरकार तिथे न राहणाऱ्या परदेशी माणसाच्या अशा शेअरविक्रीच्या नफ्याला सहसा हात लावत नाही. उरतं कोण? आपण आणि एक्सेलची शीट.

१२ नोव्हेंबर २०२४ ला, रात्री आठला तिथला बाजार उघडल्यावर, मी दोन लॉट (एका दिवशी व्हेस्ट झालेले शेअर म्हणजे एक लॉट) विकले. एक १५ ऑगस्ट २०२२ ला व्हेस्ट झालेला, दुसरा १५ फेब्रुवारी २०२३ चा. प्रत्येकी २८ शेअर. दलालाच्या पत्रकात दोन्हींपुढे ‘लाँग टर्म’ असं छापून आलं. मी खूश. लाँग टर्म म्हणजे साडेबारा टक्के, एवढं वाचून ठेवलं होतं.

पत्रक घेऊन गेलो फोंड्याच्या वरच्या बाजारातल्या सीएबाईंकडे. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही तारखांखाली पेन्सिलने रेघ मारली आणि म्हणाल्या, “हे लाँग अमेरिकेचं. त्यांच्याकडे वर्ष उलटलं की लाँग. आपल्याकडे बाहेरच्या शेअराला चोवीस महिन्यांहून जास्त लागतात.”

“पण इथल्या शेअरांना बारा महिने...”

“ते मुंबईच्या बाजारात नोंदलेल्यांना. तुझी कंपनी न्यूयॉर्कला नोंदलेली असली तरी आपल्या कायद्याला ती नोंदलेली नाहीच.”

म्हणजे ऑगस्टचा लॉट सत्तावीस महिन्यांचा, लाँग. फेब्रुवारीचा एकवीस महिन्यांचा, शॉर्ट, आणि त्याच्या नफ्यावर माझ्या स्लॅबने कर. माझा स्लॅब तीस टक्क्यांचा, वर चार टक्के सेस. तीन-सव्वातीन महिने थांबलो असतो तर तोच नफा साडेबाराच्या दराला गेला असता. पण मेस्तला आगाऊ रक्कम डिसेंबरात हवी होती. वाळवी काही चोवीस महिने मोजत बसत नाही.

साडेबारा टक्के हा दरसुद्धा नवा. २३ जुलै २०२४ च्या आधी विकले असते तर वीस टक्के आणि महागाईचा निर्देशांक लावून खरेदी किंमत वाढवायची सोय होती. त्या तारखेपासून दर उतरला आणि निर्देशांक गेला. म्हणून २०२५ मध्ये भरायच्या फॉर्ममध्ये त्या तारखेच्या आधीची विक्री आणि नंतरची विक्री वेगवेगळी भरायची होती. छपरावर खर्च करतोय तर ५४एफ, म्हणजे नफा घरात गुंतवला तर करात सूट देणारं कलम, लागू होईल का, असंही मी विचारून घेतलं. बाई हसल्या. ते कलम नवं घर घेणाऱ्या-बांधणाऱ्यासाठी आहे, आजोबांच्या घराचे वासे बदलणाऱ्यासाठी नाही.

आता आकडे. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, त्यामुळे तुमचाही थोडा घालवणार.

मला वाटायचं नफा काढायचा डॉलरमध्ये आणि शेवटी एकदा रुपयांत गुणायचा. तसं करत नाहीत. खरेदी किंमत म्हणजे कंपनीने व्हेस्टच्या वेळी पगारात जी किंमत धरली ती, रुपयांत. फॉर्म १६ बरोबर जो १२बीए नावाचा फॉर्म येतो त्यात ती सापडते. पगार म्हणून तिच्यावर एकदा कर भरून झालेला असतो, म्हणून तीच आपली खरेदी. (माझा एक सहकारी गेली तीन वर्षं ‘शेअर फुकट मिळाले’ म्हणून खरेदी शून्य दाखवतोय, म्हणजे एकाच रकमेवर दोनदा कर भरतोय. त्याला फोन करून सांगितलं तर म्हणाला, भानगड नको.) विक्रीची किंमत मात्र विक्रीच्या वेळच्या दराने रुपयांत आणायची.

दर असे : ऑगस्टच्या लॉटला कंपनीने शेअर धरला १०० डॉलर, डॉलर साधारण ७९ रुपये. फेब्रुवारीच्या लॉटला ८० डॉलर आणि ८१ रुपये. विकला तेव्हा १०४ डॉलर आणि ८४ रुपये. पैसे सोडून गोल केलेले दर आहेत हे, तुमच्या रिटर्नमध्ये असे गोल करू नका.

ऑगस्टचा शेअर पडला ७,९०० ला, गेला ८,७३६ ला. नफा ८३६ रुपये, २८ शेअरांचे २३,४०८. आता हेच डॉलरमध्ये बघा. शेअरामागे चार डॉलर, २८ चे ११२ डॉलर, त्याचे ८४ ने ९,४०८ रुपये. मग वरचे १४,००० आले कुठून? ते रुपया घसरल्याचे. कंपनीने काही केलं नाही, मी काही केलं नाही, सव्वादोन वर्षांत रुपया पाच रुपयांनी खाली आला आणि त्या घसरणीला माझा नफा म्हणतात. शेअर १०० ला मिळून १०० लाच विकला असता तरी मला चौदा हजारांवर कर भरावा लागला असता. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शीट तीनदा तपासली. बाबा बाजूला बसून सुपारी कातरत होते, ते म्हणाले, “म्हणजे ओहोटीला होडी वर आली असं झालं.” आखाती देशांत पंचवीस वर्षं काढलेला माणूस, रुपया कसा घसरतो हे त्यांना मी काय सांगणार.

फेब्रुवारीचा शेअर पडला ६,४८० ला. गेला त्याच ८,७३६ ला. नफा २,२५६, अठ्ठावीसाने ६३,१६८. हा शॉर्ट.

विक्रीचा दर कोणता घ्यायचा हीसुद्धा एक गंमत आहे. विकलं त्या दिवसाचा नाही. पैसे भारतात आले त्या दिवसाचा नाही, आणि माझ्या बँकेने दिला तोही नाही. आयकराचा नियम ११५ म्हणतो, ज्या महिन्यात विकलं त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी बायिंग रेट. टीटी म्हणजे टेलिग्राफिक ट्रान्सफर. आपल्याकडे तार २०१३ मध्ये बंद झाली, पण तारेने येणारे डॉलर बँक कोणत्या भावाने विकत घेते तो दर अजून रोज निघतो आणि त्याच्यावर आपला कर ठरतो.

मी विकले नोव्हेंबरात, म्हणजे दर हवा ३१ ऑक्टोबर २०२४ चा. नरक चतुर्दशी. त्या पहाटे चार वाजता आम्ही वाड्यावरची पोरं नरकासुर जाळत होतो, फटाक्यांनी कान बसले होते, घरी येऊन उटणं, पायाखाली कारीट फोडणं आणि मग पाच तऱ्हांचे पोहे. त्याच दिवशी मुंबईत कोणीतरी टेबलाशी बसून माझा दर ठरवत होतं. आणि तो दर शोधायला गेलो तर बँकेच्या साइटवर मिळतं ते चालू पत्रक. जुनी पत्रकं रोज उतरवून साठवणारी भली माणसं इंटरनेटवर आहेत, त्यांच्या साठ्यातून मला त्या दिवसाचं पत्रक मिळालं. ते छापून फाइलला लावलं. उद्या कोणी विचारलं तर दाखवायला कागद असावा.

दलाली नफ्यातून वजा झाली, ती काही डॉलरच होती, म्हणून वरच्या हिशोबात धरलेली नाही. पैसे इथे आणताना बँकेने कापलेले मात्र वजा होत नाहीत, असं बाईंनी सांगितलं. मी वाद घातला नाही.

डिव्हिडंड आमची कंपनी देत नाही, सुटलो. ज्यांची देते त्यांचे तिकडे पंचवीस टक्के आधीच कापले जातात. ते इथल्या करातून वळते करून घ्यायला फॉर्म ६७ भरावा लागतो, तो विसरू नका.

रिटर्नमधल्या शेड्युल एफएची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण तिथे मी भाजलो होतो. परदेशात जे काही आहे ते तिथे लिहायचं. विकलं नसलं तरी, नफा नसला तरी. पुण्याच्या सीएंनी ते कधी भरलंच नव्हतं. २०२४ च्या नोव्हेंबरात आयकर खात्याने मोहीम काढली, ज्यांच्या परदेशी खात्यांची माहिती तिकडून आली होती त्यांना मेसेज गेले. मलाही आला. मेसेज अगदी सभ्य होता, ‘कृपया तपासून पाहा’ छापाचा, पण रात्री अकरा वाजता वाचला आणि झोप उडाली. काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्यात हे न दाखवल्याबद्दल दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे, हे वाचून तर उरलीसुरलीही गेली. नंतर कळलं की १ ऑक्टोबर २०२४ पासून, जमीनजुमला सोडून बाकीची परदेशी मालमत्ता एकूण वीस लाखांच्या आत असेल तर तो दंड लागू होत नाही. दंड नाही म्हणून भरायचं नाही असं मात्र नाही. डिसेंबरात सुधारित रिटर्न भरलं.

त्या शेड्युलचं वर्ष एप्रिल ते मार्च नसतं, जानेवारी ते डिसेंबर असतं. प्रत्येक लॉटची वेगळी ओळ. मिळाला तेव्हाची किंमत, वर्षभरातली सर्वांत चढी किंमत, ३१ डिसेंबरची किंमत, विकून आलेली रक्कम. चढी किंमत शोधायची तर शेअराचा भाव आणि डॉलरचा भाव दोन्ही बघत बसा. २०२५ साली हे काम मी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीत केलं. मुदत ३१ जुलैची १५ सप्टेंबर झाली होती (शेवटी आणखी एक दिवस वाढली), आणि चवथ २७ ऑगस्टची. वर फळाफुलांची माटोळी बांधलेली, बाहेर आरतीचे टाळ, आत मी आणि एक्सेल. आईने येऊन विचारलंही, “गणपतीला नमस्कार केलास की त्या मशीनलाच?”

आणि त्याच दिवसांत, फाइल घेऊन पुन्हा वरच्या बाजारात गेलो तेव्हा, बाईंनी तो सुरुवातीचा प्रश्न विचारला. “लग्न इथेच नोंदवलंय ना? त्याआधी नोटरीकडे काही करार केला होता?”

करार कसला? लग्न ठरवताना मंडपाचा खर्च कोणी करायचा एवढाच करार झाला होता.

“मग तुमची मिळकत सामाईक. अर्धा नफा तिचा.”

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा कौटुंबिक भाग मुक्तीनंतरही राहिला हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. जमिनीच्या कागदांवर बायकोचं नाव लागतं, घर विकायला तिची सही लागते, हेही माहीत असतं. पण ती संहिता आयकराच्या फॉर्ममध्ये शिरलेली आहे हे मला चाळिशीत कळलं. कलम ५ए हे १९९४ च्या वित्त कायद्याने आलं आणि १ एप्रिल १९६३ पासून लागू धरलं. गोवा, दमण-दीव, दादरा आणि नगर हवेली यांच्यापुरतं. नवरा-बायकोची मिळकत सामाईक असेल तर घरभाडं, भांडवली नफा, व्याज वगैरे प्रत्येक प्रकारचं उत्पन्न निम्मं-निम्मं दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. अपवाद एकच, पगार. पगार ज्याचा त्याचा.

आता हे आरएसयूला लावून बघा. शेअर मिळाले तेव्हा त्यांची किंमत पगार, म्हणून तो कर सगळा माझा. तेच शेअर खात्यात पडले आणि वाढले, तर वाढ सामाईक. एकाच शेअराची पहिली १०० डॉलरची किंमत एकट्या माझी आणि वरचे चार डॉलर दोघांचे. शिवाय रुपया घसरला तोही दोघांचा.

बायकोला सांगितलं तेव्हा ती नेवऱ्या डब्यात भरत होती. तिने पुण्यात बारा वर्षं एका शाळेत शिकवलं, इथे आल्यावर नोकरी धरली नाही. “म्हणजे माझे त्रेचाळीस हजार,” ती म्हणाली. गणित शिकवायची, तोंडी हिशोबाला वेळ लागत नाही. २३,४०८ आणि ६३,१६८ ची बेरीज ८६,५७६, त्याचे निम्मे ४३,२८८.

मी खूश होतो. तिला दुसरं मोठं उत्पन्न नाही. नव्या पद्धतीत त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता, म्हणजे तिच्या वाट्याला शून्य कर. माझ्या वाट्याचा शॉर्ट ३१,५८४, त्यावर ३१.२ टक्क्यांनी ९,८५४ रुपये. लाँग ११,७०४, त्यावर सेससकट तेरा टक्क्यांनी १,५२२. एकूण ११,३७६. सगळा नफा माझ्याच नावावर राहिला असता तर बरोबर दुप्पट. पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षांत आमच्या घराण्याला दिलेली ही पहिली रोख रक्कम, असं मी बाईंना म्हणालोसुद्धा.

बाईंनी चष्मा पुन्हा वर सरकवला. “तिच्या नावावर एफडी आहेत?”

आहेत. शाळेतून निघताना मिळालेले, तिच्या वडिलांनी दिलेले आणि तिने स्वतः साठवलेले. वर्षाचं व्याज साठ हजार. माझं व्याज किरकोळ, ते धरण्यासारखं नाही.

“मग तीस हजार तुझ्याकडे.”

तीस हजारांवर ३१.२ टक्के म्हणजे ९,३६० रुपये. शेअरांवर वाचलेल्या ११,३७६ मधून ते गेले. पदरात २,०१६. शेअर विकले नसते त्या वर्षी तर ५ए मुळे आम्ही उलट तोट्यातच असतो, आणि तो तोटा दरवर्षीचा आहे. खूण करायची की नाही हे आपल्या हातात नाही. लग्न तसं झालं असेल तर ते तसंच आहे, लग्नानंतर करार बदलत नाही.

हे घरी सांगणं जास्त कठीण गेलं. “तुझ्या शेअरांतलं अर्धं माझं, ते कळलं,” ती म्हणाली. “पण माझ्या बाबांनी दिलेल्या एफडीचं अर्धं व्याज तुझं, हे मला लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं का? सही करायला दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा कारकून नुसता ‘इथे, इथे’ म्हणत होता.” मी म्हटलं, मलाही नाही सांगितलं. तिला ते उत्तर पटलेलं नाही. अजून अधूनमधून निघतं.

दोन्ही रिटर्नं १२ सप्टेंबरला गेली. तिचं उत्पन्न मर्यादेच्या खूपच खाली, पण माझ्या शेड्युल ५ए मध्ये तिचा पॅन आणि तिचा वाटा येतो, तर तिचंही रिटर्न असलेलं बरं असं बाईंचं मत पडलं. शेड्युल एफए माझ्यात, कारण खातं माझ्या नावावर. फॉर्म दोघांनाही आयटीआर-२. साधा आयटीआर-१ परदेशी शेअर असणाऱ्याला चालत नाही आणि ५ए वाल्यालाही नाही. बाईंची फी दोन हजारांहून जास्त झाली, ती किती ते लिहीत नाही, पण वाचलेले २,०१६ कुठे गेले ते समजून घ्या.

छप्पर झालं. २०२५ च्या पावसात एका जागी ठिबकलं, मेस्त म्हणतो माकडांनी कौल सरकवलं असणार.

आता उरलेल्यांतला एक लॉट १५ नोव्हेंबर २०२३ चा आहे. पंधराला शनिवार, चोवीस महिन्यांच्या पलीकडे बाजाराचा पहिला दिवस सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाखाली, त्या चौकोनात बायकोने स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलंय : ‘शेअर. आजच्या आधी विकू नये.’ खाली दोन रेघा मारल्यात.